दोन तारांमधले पाणी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील रसायनशास्त्रात पाण्याला मूलद्रव्याचे स्थान होते, आणि ते केवळ ॲरिस्टॉटलच्या शब्दावर टिकून होते असे म्हणणे त्या काळच्या रसायनज्ञांवर अन्याय करणारे ठरेल. कारण पाणी उकळले, गोठवले, ऊर्ध्वपातित केले तरी शेवटी हाती पाणीच येत असे, आणि ज्याचे आणखी घटक करता येत नाहीत ते मूलद्रव्य, ही व्यवहारातली कसोटी त्याला पुरेपूर लागू पडत होती. या समजुतीला पहिला धक्का बसला तो पाणी फोडून नव्हे, पाणी तयार करून. हेन्री कॅव्हेंडिश याने ज्वालाग्राही हवा आणि श्वसनाला पोषक असलेली हवा यांचे मिश्रण काचपात्रात ठिणगीने पेटवले, तेव्हा पात्राच्या आतील बाजूस शुद्ध पाण्याचे दव जमले. त्याचा निबंध १७८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी, जून १७८३ मध्ये, पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए आणि लाप्लास यांनीही हे दोन वायू एकत्र जाळून पाणी मिळवले होते, आणि पाणी हे संयुग आहे असा निःसंदिग्ध निष्कर्ष लाव्हाझिएने काढला होता. पुढे १७८७ च्या नव्या परिभाषेत या वायूंना हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही नावे मिळाली.

लाव्हाझिएने याच्या उलट क्रियाही करून दाखवली होती. म्यूनिए या लष्करी अभियंत्याच्या साहाय्याने त्याने लालबुंद तापवलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ सोडली. लोखंडाने ऑक्सिजन धरून ठेवला आणि नळीच्या दुसऱ्या तोंडाने हायड्रोजन बाहेर पडला. प्रयोग भव्य होता, वजनमापे काटेकोर होती, पण त्यात विरोधकांना शिरकाव करायला एक फट राहिली होती. बाहेर पडताना दिसत होता तो फक्त हायड्रोजन; ऑक्सिजन लोखंडाच्या भस्मात अडकलेला होता आणि त्याचे अस्तित्व वजनातील वाढीवरून मान्य करावे लागत होते. हा हायड्रोजन पाण्यातून आला कशावरून, तो लोखंडातूनच निघाला नसेल कशावरून, असे ‘फ्लॉजिस्टन’वादी विचारत. धातूत आणि ज्वलनशील पदार्थांत फ्लॉजिस्टन नावाचे एक दाह्य तत्त्व असते आणि जळताना ते बाहेर पडते, हा त्यांचा सिद्धांत होता. त्या सिद्धांताच्या चौकटीत त्यांचा प्रश्न मुळीच हास्यास्पद नव्हता. ऑक्सिजन वायू प्रथम वेगळा करणाऱ्यांपैकी एक असलेला जोसेफ प्रीस्टली तर या मतावर अखेरपर्यंत ठाम राहिला आणि १८०० मध्ये, अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात राहत असताना, फ्लॉजिस्टनचे मंडन आणि पाण्याच्या संयुगत्वाचे खंडन करणारे पुस्तक त्याने प्रसिद्ध केले. तेव्हा दोन्ही वायू एकाच वेळी, पाण्याखेरीज दुसरे काहीही मध्ये न येता, डोळ्यांसमोर बाहेर पडताना दिसणे ही त्या काळच्या वादाची खरी गरज होती.

विजेच्या साहाय्याने ही गरज भागवण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न १७८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झाला. पाट्स फान त्रोस्तवाइक हा व्यापारी आणि डायमन हा वैद्य, असे दोन हौशी संशोधक जॉन कथबर्टसन या इंग्रज कारागिराने बनवलेल्या घर्षणयंत्राची वीज लायडन बरणीत साठवत आणि पाण्याने भरलेल्या अरुंद काचनळीतील सोन्याच्या तारांमधून तिचा विसर्ग घडवत. लायडन बरणी म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी; तिच्यात वीज साठते खरी, पण ती बाहेर पडते एका क्षणात, एका ठिणगीत. प्रत्येक ठिणगीसरशी थोडे थोडे बुडबुडे निघून नळीच्या वरच्या टोकाशी जमत, आणि जमलेला वायू वरच्या तारेच्या टोकाखाली उतरला की पुढची ठिणगी पाण्याऐवजी त्या वायूतून जाऊन तो एकदम पेट घेई व त्याचे पुन्हा पाणी होई. ज्या ठिणगीने पाणी फोडले तिनेच ते पुन्हा जोडले, ही या प्रयोगाची मोठी गंमत होती आणि वायू हायड्रोजन व ऑक्सिजनच असल्याचा तो चांगला पुरावाही होता. परंतु दोन्ही वायू दोन्ही तारांपाशी एकमेकांत मिसळूनच निघत असल्यामुळे ते वेगळे करून दाखवणे शक्य नव्हते. शिवाय मिळणारा वायू इतका अल्प होता, की तेवढ्यासाठी शेकडो ठिणग्या पाडाव्या लागत. या अल्पतेचे कारण कळायला आणखी ४५ वर्षे जावी लागली.

क्षणिक ठिणगीऐवजी सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती आली ती आलेस्सांद्रो व्होल्टामुळे. बेडकाच्या पायात दोन वेगवेगळ्या धातूंच्या स्पर्शाने जो आचका येतो त्याचे मूळ प्राण्याच्या शरीरातील विजेत आहे असे बोलोन्याचा गॅल्व्हानी म्हणत होता, तर पाव्हियाचा प्राध्यापक व्होल्टा त्याचे श्रेय धातूंच्या परस्परस्पर्शाला देत होता. या वादातून त्याने जी रचना सिद्ध केली ती अगदी साधी होती: चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा लावून उभी केलेली चळत. वरच्या आणि खालच्या टोकांना ओल्या हातांनी एकदम स्पर्श केला की झटका बसे, आणि लायडन बरणीप्रमाणे ती एका झटक्यात रिकामी होत नसे. टॉर्पेडो माशाच्या विद्युत-इंद्रियाशी तिचे साम्य आहे असे व्होल्टाचे मत होते. २० मार्च १८०० या तारखेचे, फ्रेंच भाषेत लिहिलेले पत्र त्याने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष सर जोसेफ बँक्स याच्याकडे धाडले. फ्रान्सविरुद्धच्या युद्धामुळे टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून ते दोन भागांत पाठवले गेले आणि पहिली चार पाने बाकीच्या मजकुराच्या बऱ्याच आधी लंडनला पोहोचली. त्या दीर्घ पत्रात झटक्यांचे, चवीचे, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या प्रकाशाचे वर्णन भरपूर आहे; चळतीच्या रासायनिक परिणामांविषयी मात्र त्यात काही नाही.

सोसायटीच्या शिरस्त्याप्रमाणे पत्र सभेत वाचले जाईपर्यंत ते अध्यक्षाच्या टेबलावरच राहायला हवे होते. प्रत्यक्षात बँक्सने एप्रिलच्या अखेरीस ती चार पाने वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील शल्यचिकित्सक अँथनी कार्लाइल याला दाखवली आणि कार्लाइलने ती आपला मित्र विल्यम निकल्सन याच्या कानावर घातली. निकल्सन हा त्या काळच्या लंडनमध्येच घडू शकेल असा माणूस होता. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी, मग वेजवुड या चिनी मातीच्या कारखानदाराचा ॲमस्टरडॅममधील प्रतिनिधी, पुढे फ्रेंच रसायनग्रंथांचा अनुवादक, पेटंटविषयक सल्लागार, जलाभियंता, आणि १७९७ पासून स्वतःच्या खर्चाने चालवलेल्या एका वैज्ञानिक मासिकाचा संपादक, असा त्याचा प्रवास होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. विद्युत उपकरणांचा अनुभव मात्र दांडगा होता, आणि टॉर्पेडो माशाविषयी त्यानेच लिहिलेल्या लेखाचा निर्देश व्होल्टाने आपल्या पत्रात केला होता.

कार्लाइलने ३० एप्रिल रोजी चळत उभी केली. चांदीच्या चकत्यांच्या जागी त्याने अडीच शिलिंगांची ‘हाफ-क्राऊन’ नाणी वापरली. १७ नाणी, तितकेच जस्ताचे तुकडे आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे. दोघांचा पहिला हेतू चळतीच्या कोणत्या टोकाला कोणत्या प्रकारची वीज आहे हे विद्युतमापकाने तपासण्याचा होता, आणि पाणी फोडण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. तार आणि वरची चकती यांचा स्पर्श पक्का व्हावा म्हणून चकतीवर पाण्याचा एक थेंब ठेवण्यात आला, तेव्हा तारेभोवती त्या थेंबात बारीक बुडबुडे येत असल्याचे कार्लाइलच्या लक्षात आले. वायू अगदीच थोडा होता, तरी निकल्सनला त्याला हायड्रोजनचा वास येतोय असे वाटले. शुद्ध हायड्रोजनला वास नसतो, पण त्या काळी लोखंड आणि आम्लापासून बनवलेल्या अशुद्ध हायड्रोजनचा उग्र दर्प प्रत्येक रसायनज्ञाच्या परिचयाचा होता. थेंबाऐवजी पाण्याची नळी घेऊन पाहावे, असे यानंतर ठरले.

२ मे १८०० रोजी अर्धा इंच व्यासाच्या एका काचनळीत न्यू रिव्हरचे, म्हणजे सतराव्या शतकापासून लंडनला पाणी पुरवणाऱ्या कालव्याचे, साधे पाणी भरण्यात आले आणि दोन्ही तोंडांच्या बुचांमधून पितळेची एकेक तार आत सरकवण्यात आली. पाण्यात तारांच्या टोकांमध्ये पावणेदोन इंचांचे अंतर होते. तारांची बाहेरची टोके ३६ नाण्यांच्या चळतीला लावताच चांदीच्या बाजूला जोडलेल्या खालच्या तारेपासून सूक्ष्म बुडबुड्यांची धार सुरू झाली, आणि वरच्या तारेवर बुडबुडे न येता ती आधी गडद नारिंगी आणि मग काळी पडत गेली. नळी उलटी केली की आता खाली आलेल्या तारेतून वायू निघे आणि वरची काळवंडे. अडीच तासांत जमलेला वायू एका घन इंचाचा पंधरावा भाग, म्हणजे जेमतेम १ घन सेंटिमीटर भरला. त्यात तेवढीच साधी हवा मिसळून मेण लावलेल्या जळत्या दोऱ्याने तो पेटवला, तेव्हा स्फोट झाला. वायू हायड्रोजनच होता. त्याचा जोडीदार ऑक्सिजन पितळेशी संयोग पावून तार काळवंडवत होता, हे उघड होते. म्हणजे लाव्हाझिएच्या तापल्या लोखंडाने जे केले तेच इथे थंड पितळेने केले होते आणि विरोधकांची जुनी फटही तशीच उघडी राहिली होती.

ती बुजवण्यासाठी सहजी न गंजणारा धातू घेणे भाग होते. प्लॅटिनमच्या तारा लावताच दोन्ही टोकांपासून बुडबुडे येऊ लागले, चांदीच्या बाजूने भरपूर आणि जस्ताच्या बाजूने कमी. मग दोन तारांवर दोन स्वतंत्र पात्रे पालथी घालून १३ तास प्रयोग चालू ठेवण्यात आला आणि वायूंनी हटवलेल्या पाण्याचे वजन करण्यात आले: जस्ताच्या बाजूच्या वायूने ७२ ग्रेन, चांदीच्या बाजूच्या वायूने १४२ ग्रेन. ग्रेन हे औषधविक्रेत्यांच्या तराजूतील जुने वजन, सुमारे ६५ मिलिग्रॅमचे. पाण्याच्या घटकांचे आकारमानाने जे प्रमाण तेव्हा सांगितले जात होते त्याच्याशी हे आकडे जुळतात, एवढेच निकल्सनने संयमाने नोंदवले. आज शाळेतल्या प्रयोगातही दोन नळ्यांतील वायूंचे प्रमाण २:१ येते, आणि नाण्यांच्या चळतीवर दोघा हौशी माणसांनी काढलेले प्रमाण १.९७ भरते, ही गोष्ट त्यांच्या हाताच्या कसबाविषयी पुरेशी बोलकी आहे. व्होल्टाचे पत्र रॉयल सोसायटीत २६ जूनला वाचले गेले आणि निकल्सनचा लेख त्याच्याच मासिकाच्या जुलैच्या अंकात आला. शोधाचे साधन आणि त्या साधनाने लावलेला शोध अशा रीतीने जवळजवळ एकदमच जगापुढे आले. त्यात व्होल्टाचा थोडा अवमान झाला, असे वाटणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही.

निकल्सनला स्वतःला मात्र वायूंच्या प्रमाणापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने चकित केले. पाण्याच्या एका कणाचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन तुकडे होत असतील, तर ते एकाच जागी सुटायला हवेत. ॲमस्टरडॅमच्या प्रयोगात तसेच दिसले होते. इथे मात्र हायड्रोजन एका तारेपाशी सुटत होता आणि ऑक्सिजन जवळजवळ दोन इंचांवरच्या दुसऱ्या तारेपाशी. मधल्या पाण्यात ना बुडबुडा, ना रंग, ना हालचाल. कण जर हायड्रोजनच्या तारेशी फुटला असेल तर त्याच्या ऑक्सिजनने हे अंतर कोणाच्याही नजरेस न पडता कसे ओलांडले? ऑक्सिजनच्या तारेशी फुटला असेल तर हायड्रोजनने कसे ओलांडले? आणि मध्येच कुठे फुटला असेल तर दोन्ही तुकडे विरुद्ध दिशांना निमूटपणे कसे गेले? पाण्याचे संयुगत्व सिद्ध करणारा प्रयोग म्हणून १८०० चा हा शोध पाठ्यपुस्तकांत येतो, पण लाव्हाझिएच्या बाजूचा बहुतेक निकाल तोवर लागलेलाच होता. या प्रयोगाचे खरे ऐतिहासिक मोल त्याने उभ्या केलेल्या या नव्या प्रश्नात आहे, आणि पुढची जवळजवळ ९० वर्षे विद्युत-रसायनशास्त्र त्याच प्रश्नाभोवती वाढले.

या कोड्याचा पहिला फायदा लाव्हाझिएच्या विरोधकांनाच झाला, हा इतिहासाचा खोडसाळपणा म्हणायचा. जर्मनीत येना येथे योहान व्हिल्हेल्म रिटर या, एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली शिकलेल्या, तरुणाने १८०० च्या शरदात दोन्ही वायू वेगवेगळे गोळा केले आणि प्रयोगाची फेररचना करून विचारले, की दोन्ही तारांमध्ये पाण्याचा संबंधच तोडला तरी वायू निघत असतील, तर पाणी फुटते असे म्हणायला आधार काय? त्याचे म्हणणे असे, की पाणी हे मूलद्रव्यच आहे. एका प्रकारच्या विजेशी त्याचा संयोग झाला की हायड्रोजन होतो आणि दुसऱ्या प्रकारच्या विजेशी झाला की ऑक्सिजन. ही कल्पना आज विक्षिप्त वाटते, परंतु दोन वायू दोन ठिकाणी का निघतात याचे सरळ उत्तर त्या वेळी फक्त तिच्याकडे होते. रिटर हा विलक्षण बुद्धीचा आणि तितकाच बेफाम माणूस. त्याने १८०१ मध्ये जांभळ्यापलीकडचा अदृश्य प्रकाश शोधला आणि व्होल्टाच्या चळतीचे झटके स्वतःच्या डोळ्यांना, कानांना, जिभेला लावून घेऊन प्रकृतीची धूळधाण केली. दारिद्र्यात, वयाच्या ३४ व्या वर्षात पाऊल टाकता टाकता, १८१० मध्ये त्याचा अंत झाला. प्रीस्टलीनेही आपल्या अखेरच्या वर्षांत चळतीवर लिहिताना पाण्याच्या विघटनाचा अर्थ स्वीकारला नाही.

दरम्यान दुसरीच अडचण पुढे आली होती. वुलिच येथील क्रूकशँक आणि इतर प्रयोगकर्ते यांना असे दिसत होते, की निव्वळ पाण्यातून वीज सोडली तरी ऑक्सिजनच्या तारेभोवती आम्ल आणि हायड्रोजनच्या तारेभोवती अल्कली तयार होते; लिटमसचा निळा रंग एका बाजूला तांबडा होई आणि आम्लाने तांबडा केलेला रंग दुसऱ्या बाजूला पुन्हा निळा. वीज स्वतःच पाण्यापासून आम्ल आणि अल्कली निर्माण करते असे काही जण म्हणू लागले, तर पिझाच्या पाक्क्यानीने १८०५ मध्ये पाण्यापासून म्युरिअ‍ॅटिक आम्ल, म्हणजे आजचे हायड्रोक्लोरिक आम्ल, बनते असे जाहीर केले. हे खरे असते तर पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचेच बनलेले आहे, हे विधान डळमळले असते.

हम्फ्री डेव्ही याने हा प्रश्न निकालात काढला तो एका गृहिणीच्या चिकाटीने भांडी बदलून. काचेच्या पात्रात अल्कली येते, तर ती काचेतूनच विरघळत असावी, असा संशय घेऊन त्याने अकीक दगडाच्या वाट्या कोरून घेतल्या आणि त्या भिजवलेल्या ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांनी जोडल्या. अल्कली घटली, पण नाहीशी झाली नाही. मग त्याने सोन्याचे शंकू वापरले. तरीही थोडी उरलीच. तेव्हा त्याने संशय पाण्यावर वळवला, आणि ऊर्ध्वपातित म्हणवल्या जाणाऱ्या त्या पाण्यातच क्षारांचा अंश असल्याचे आढळल्यावर चांदीच्या पात्रात, मंद उष्णतेवर, ते पुन्हा ऊर्ध्वपातित केले. अल्कली गेली, आता उरले होते फक्त नायट्रिक वर्गातील थोडे आम्ल. त्याचा उगम हवेतील नायट्रोजनमध्ये असावा म्हणून त्याने सगळे उपकरण निर्वात करून आत हायड्रोजन भरला, आणि तेव्हा तेही थांबले. पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काहीही निघत नाही, बाकी सगळे भांड्यातून, पाण्यातल्या मळातून आणि हवेतून येते, हा निष्कर्ष त्याने नोव्हेंबर १८०६ मध्ये रॉयल सोसायटीपुढील बेकर व्याख्यानात मांडला. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलेले असताना पॅरिसच्या ‘इन्स्टिट्यूट’ने याच कामासाठी डेव्हीला ३,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. पुढच्याच वर्षी वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून त्याने पोटॅशियम धातू मिळवला, आणि जनतेच्या कौतुकाचा सारा झोत स्वाभाविकपणे तिकडे वळला.

दोन तारांमधल्या अंतराचे पहिले ग्राह्य स्पष्टीकरण रोममध्ये छापल्या गेलेल्या एका छोट्या पुस्तिकेतून आले. बाल्टिक प्रदेशातील एका जमीनदार घराण्यातील थिओडोर फॉन ग्रोटहुस इटलीत असताना १८०५ मध्ये, वयाच्या विशीत, त्याने ती लिहिली. त्याच्या मते वीज सुरू होताच दोन तारांमधले पाण्याचे कण एका रांगेत उभे राहतात. एका टोकाचा कण आपला हायड्रोजन तारेला देतो आणि उरलेला ऑक्सिजन शेजारच्या कणाचा हायड्रोजन घेऊन पुन्हा पाणी होतो, तो शेजारी आपल्या शेजाऱ्याचा हायड्रोजन घेतो, आणि असे करत करत दुसऱ्या टोकाला एक ऑक्सिजन एकटा उरतो. एका तारेशी सुटलेला हायड्रोजन आणि दुसरीशी सुटलेला ऑक्सिजन हे मुळी एकाच कणाचे तुकडे नसतात, हे या कल्पनेचे मर्म होते. अंतर कोणी ओलांडलेच नव्हते. ग्रोटहुसच्या सिद्धांतातील तपशील पुढे बदलले, तरी पाण्यातील हायड्रोजन आयन, म्हणजे हायड्रोजनचा विद्युतभारित कण, एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जात पुढे सरकतो या आजच्या मान्य प्रक्रियेला त्याचेच नाव आहे. असाध्य दुखण्याला कंटाळून त्याने १८२२ मध्ये आत्महत्या केली.

इथे एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. दोन नळ्यांत २:१ या प्रमाणात वायू जमताना अवघा युरोप पाहत होता, आणि गे-ल्यूसॅक व हम्बोल्ट यांनी १८०५ मध्ये ते प्रमाण बारकाईने पक्केही केले. तरीसुद्धा अणुसिद्धांताचा जनक जॉन डाल्टन पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असेच मानत राहिला. समान आकारमानात समान संख्येने कण असतात हे ॲव्होगाड्रोचे १८११ चे गृहीतक १८६० नंतर रुजेपर्यंत, डोळ्यांसमोरच्या त्या दोन नळ्यांतून पाण्याचे सूत्र वाचता येत नव्हते.

मायकेल फॅरेडेने १८३० च्या दशकात या विषयाला हात घातला तेव्हा तारा आपल्याकडे घटकांना ओढून घेतात ही समजूत सर्वत्र होती, आणि तिची परीक्षा त्याने ज्या प्रयोगाने केली तो त्याच्या साधेपणासाठी पाहण्यासारखा आहे. लिटमसच्या कागदाचा एक आणि हळदीच्या कागदाचा एक असे टोकदार तुकडे कापून, ते सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवून त्याने काचेवर एकमेकांना लावून ठेवले, आणि घर्षणयंत्राला जोडलेल्या सुया त्यांच्या टोकांपासून थोड्या अंतरावर, हवेतच, धरल्या. द्रावणाला धातूचा स्पर्श कुठेच नव्हता. यंत्र फिरू लागताच लिटमसचे टोक तांबडे झाले आणि हळदीचे टोक अल्कलीमुळे तपकिरी-लाल. ओढून घेणारा धातूच जवळ नसताना विघटन होत असेल, तर त्याचे कारण तारांच्या आकर्षणात नसून संपूर्ण द्रावणभर चालणाऱ्या क्रियेत आहे, आणि तारांची टोके ही केवळ घटक बाहेर पडण्याची दारे आहेत, असे फॅरेडेने ठरवले. या दारांना त्याने ‘इलेक्ट्रोड’ म्हणजे विद्युतअग्र म्हटले, आणि केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलच्या सल्ल्याने धनाग्र, ऋणाग्र आणि आयन यांसाठीचे शब्द १८३४ मध्ये रूढ केले. विजेने होणाऱ्या या विघटनाला मराठीत विद्युत अपघटन म्हणतात.

त्याच वर्षी त्याने वायूंच्या मापालाच विजेचे माप बनवले. विद्युतअग्रे लहान असोत वा मोठी, आम्ल तीव्र असो वा विरल, एकाच मंडलात ओळीने जोडलेल्या सर्व पात्रांत सारखाच वायू जमतो, असे दाखवून त्याने नियम मांडला, की अपघटन झालेल्या पाण्याचे वजन फक्त त्यातून गेलेल्या विजेच्या एकूण परिमाणावर अवलंबून असते. एका ग्रेन पाण्यासाठी किती वीज लागते याचा त्याचा अंदाज त्याच्या समकालीनांना अविश्वसनीय वाटला: प्लॅटिनमची बारीक तार पावणेचार मिनिटे लाल ठेवणारा प्रवाह, किंवा त्याच्या प्रयोगशाळेतील लायडन बरण्यांच्या संचाचे सुमारे ८ लाख विसर्ग. ॲमस्टरडॅमच्या त्या दोघांना शेकडो ठिणग्यांतून चिमूटभर वायू का मिळाला, याचा हिशेब आता पूर्ण झाला. ठिणगीत विजेचा दाब प्रचंड असतो आणि परिमाण नगण्य. चळतीत दाब थोडा आणि परिमाण अखंड.

स्वान्सीचा वकील विल्यम ग्रोव्ह याने १८३९ पासून पुढच्या काही वर्षांत हीच क्रिया उलटी चालवून, प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग घडवत वीज मिळवली, आणि अशा अनेक घटांच्या विजेने दुसऱ्या पात्रातील पाणी फोडून दाखवले. बाझेलच्या श्योनबाइनला अपघटन चालू असताना धनाग्रापाशी येणाऱ्या विचित्र वासातून ओझोन सापडला. पण मूळ प्रश्नाचा शेवटचा दुवा अजून बाकी होता. ग्रोटहुस आणि फॅरेडे या दोघांच्याही मते विजेमुळेच कण फुटत होते. यावर १८५७ मध्ये क्लॉसियसने आक्षेप घेतला, की रेणू फोडायला जोर लागत असेल तर तेवढा जोर येईपर्यंत द्रावणातून प्रवाह मुळीच वाहू नये. प्रत्यक्षात तर द्रावणाच्या आत अत्यंत क्षीण प्रवाहही नियमाप्रमाणे वाहतो. याचा पूर्ण अर्थ स्वांटे अऱ्हेनियसने लावला. पाण्यात विरघळलेल्या क्षाराचे आणि आम्लाचे आयन वीज येण्याच्या आधीपासूनच सुटे असतात, वीज त्यांना फक्त दिशा देते, असे त्याचे म्हणणे. १८८४ मध्ये उपसाला विद्यापीठाने त्याच्या प्रबंधाला कशीबशी उत्तीर्ण श्रेणी दिली. १८८७ पर्यंत सिद्धांत पूर्ण आकाराला आला आणि १९०३ मध्ये त्यालाच नोबेल पारितोषिक मिळाले.

अऱ्हेनियसच्या प्रकाशात १८०० आणि १८०६ चे प्रयोग वेगळेच दिसू लागतात. निकल्सनच्या नळीत प्रवाह वाहून नेत होते ते मुख्यतः न्यू रिव्हरच्या पाण्यातील क्षार. डेव्ही ज्या मळाचा पिच्छा पुरवून त्याला हुसकावत होता, तोच मळ या प्रयोगाला सुकर करत होता, आणि पाणी जसजसे शुद्ध होत गेले तसतसे त्याचे अपघटनही मंदावत गेले. कोलराउश आणि हायड्वायलर यांनी १८९४ मध्ये निर्वातात पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली, तेव्हा ती जवळजवळ नाहीशी झाली, पण शून्य झाली नाही. खोलीच्या तापमानाला शुद्ध पाण्यात सुमारे ५५ कोटी रेणूंपैकी एक रेणू स्वतःहून आयनांत विभागलेला असतो.

म्हणूनच या क्रियेचे कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांनी पाण्यात मुद्दाम पोटॅश मिसळले. स्वस्त जलविद्युत जिथे होती तिथेच हे कारखाने तगले. नॉर्वेतील व्हेमॉर्क येथे १९२९ मध्ये खतासाठी हायड्रोजन बनवणारा प्रचंड प्रकल्प सुरू झाला. अपघटनात हलका हायड्रोजन आधी निघून जातो आणि जड हायड्रोजनचे पाणी मागे साचत जाते, हे कळल्यावर तिथे १९३४ पासून जड पाणी काढले जाऊ लागले, आणि त्याच पाण्यामुळे १९४३ मध्ये तो कारखाना घातपाताचे लक्ष्य बनला. भारतात भाक्राच्या विजेवर चालणाऱ्या पंजाबातील नांगलच्या खत कारखान्याला जोडून १९६२ मध्ये देशातील पहिला जड पाण्याचा प्रकल्प उभा राहिला, तोही याच तत्त्वावर. १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ लिटर पाणी आणि प्रत्यक्षात ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. चांगली विद्युतअग्रे आणि उच्च तापमान यांच्या मदतीने त्यातला विजेचा दाब थोडाफार खाली आणता येतो. विजेचे परिमाण, म्हणजे प्रतिकिलो सुमारे २६,६०० अँपियर-तास, मात्र फॅरेडेच्या नियमाने बांधलेले असल्यामुळे त्यात कोणत्याही यंत्राला काटकसर करता येत नाही.